सासुरवाडीने शिकवलेली तीन पत्ती

तीन पत्तीच्या खेळात जोडीपेक्षा कलर मोठा असतो. हे वाक्य मी सगळ्यात आधी लिहून ठेवतो, कारण एवढीशी गोष्ट मला वेळेवर कोणी धड सांगितली नाही. ज्यांनी सांगायला हवी होती ती माणसं मला पाटावर बसवून आग्रहाने वाढत होती. त्याला आता पन्नास वर्षं होत आली. राग गेला असं वाटतं, आणि मग कोणाच्या तरी घरी पत्त्यांचा कॅट दिसतो आणि पायाची आग मस्तकात जाते.

मी नागपुरात महालात वाढलो, एका शाळामास्तरांच्या घरात. विडी, पत्ते आणि सिनेमा ही आमच्या वडिलांच्या लेखी तीन सख्खी भावंडं होती. एकाला घरात घेतलं की उरलेली दोघं मागोमाग येणारच. त्यामुळे पंचविशी उलटेपर्यंत मला किलवर कोणतं आणि इस्पिक कोणतं हे सांगता येत नव्हतं. गणितात मात्र मला पहिल्यापासून गती होती, निदान तशी माझी ठाम समजूत होती. सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत मी कारकून म्हणून लागलो तेव्हा ही समजूत मी बरोबर घेऊन गेलो, आणि लग्न झालं तेव्हा सासुरवाडीलाही घेऊन गेलो.

सासुरवाडी रामटेकच्या पुढे एका खेड्यात. धानाची शेती, दोन बैलजोड्या, सासरे आणि त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे माझा साळा, दोघं मिळून ती करत. सासऱ्यांना मी आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मामाजी म्हणत असे. उंच, वाळकासा माणूस, बोलणं मोजकं. त्यांची आजूबाजूच्या चार-पाच गावांत एक वेगळीच ओळख होती. पोळ्याच्या दिवसांत आमच्या विदर्भात पत्ते खेळण्याचा रिवाज आहे. एरवी पत्त्याला न शिवणारा माणूसही त्या दोन दिवसांत सतरंजीवर बसतो. खेळ आला की भांडण आलंच. कुठल्याही डावावर भांडण झालं की मामाजींना विचारायला माणूस येई, आणि ते म्हणतील त्याने डाव उचलायचा. ते स्वतः त्या डावात बसलेले असले तरी लोक त्यांनाच विचारत. हे मला माझ्या बायकोने लग्नानंतर पहिल्या महिन्यात सांगितलं होतं. आपल्या माहेरची शेती किती, दागिने किती, हे ती कधी बोलली नाही, पण ही गोष्ट तिने मान वर करून सांगितली.

लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला मला आमंत्रण आलं. पोळ्याच्या दिवशी बैलांचा मान. दुसऱ्या दिवशी सकाळीच समोरच्या छपरीत, म्हणजे ओसरीवर, सतरंजी टाकली गेली आणि मान माझ्याकडे आला. मला खेळता येत नाही म्हणताच साळा म्हणाला, त्यात काय, आत्ता शिकवतो. त्याने पत्ते पसरले. प्रत्येकाने आधी पाच पैसे मधे टाकायचे, त्याला बूट म्हणतात. मग तीन-तीन पानं वाटायची. पानं न बघता पैसे लावले तर ती ब्लाइंड, बघून लावले तर ती चाल, आणि बघून खेळणाऱ्याने न बघणाऱ्याच्या दुप्पट लावायचे. पानं हलकी वाटली तर खाली टाकून द्यायची, म्हणजे पॅक. शेवटी दोघंच उरले की एकाने पैसे भरून शो मागायचा. मग दोघांची पानं उघडी होतात आणि ज्याची मोठी त्याचा मधला ढीग.

मला तिथेच एक गोष्ट खटकली आणि मी ती बोलून दाखवली. डोळे उघडून बघणाऱ्याने दुप्पट भरायचे आणि आंधळ्याला सवलत, हा कुठला न्याय? छपरीतले सगळे हसले. मामाजी म्हणाले की जवाईबापूंचं म्हणणं खरं आहे, पण नियम पूर्वजांनी केले, आता काय करता. मला वाटलं, पहिल्याच तासाला आपण खेळाच्या मुळाशी हात घातला.

पुढे कोणतं पान कोणाला मारतं ते साळ्याने सांगितलं. तीन सारखी पानं सगळ्यात मोठी. त्याखाली ओळीने आलेली पानं. इथे आतून चहा आला, कपबशा फिरल्या, कोणी तरी साखर पुरे की अजून असं विचारलं, आणि चहा पिता पिता त्याने उरलेलं सांगून टाकलं. एका रंगाची तिन्ही पानं म्हणजे कलर आणि दोन सारखी पानं म्हणजे जोडी. यातलं आधी कोणतं आणि नंतर कोणतं हे माझ्या डोक्यात उलटं बसलं. पहिली चूक माझी होती, हे मी लपवत नाही. माझा राग दुसऱ्या चुकीवर आहे, आणि ती सगळ्यांनी मिळून केली.

तिसऱ्या की चौथ्या डावाला मी आणि मामाजी दोघंच उरलो. माझ्याकडे गुलामांची जोडी होती. मी शो मागितला. मामाजींनी पानं ठेवली, तिन्ही बदाम. मी माझी जोडी त्यावर आपटली आणि दोन्ही हातांनी मधले पैसे ओढून घेतले. छपरीत क्षणभर कोणी बोललं नाही. साळ्याने तोंड उघडलं, "पन बाबा," एवढंच तो म्हणाला, आणि मामाजींनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

"घ्या जवाईबापू, उचला," ते म्हणाले. "जोडीच मोठी."

ती शांतता माझ्या हुशारीची आहे असं मी धरून चाललो. त्या दिवसापासून त्या घरात जोडी मोठी झाली. मी सतरंजीवर असलो की सगळे त्याच हिशेबाने खेळत. शेजारचे यायचे, ते पहिल्या डावाला गोंधळायचे, मग त्यांच्या कानात कोणी काही बोलायचं आणि तेही मान डोलवून जोडीला जिंकू द्यायचे. मी तिथे तीन पोळे खेळलो आणि तिन्ही वेळा रुमालात नाणी बांधून परत आलो. लोक चांगली पानं खाली टाकून देत असणार हे मला तेव्हा कळलं नाही. मी पंधरा पैशांची चाल केली की एकेक जण सुस्कारा टाकून पॅक व्हायचा. जवाईबापूंसमोर टिकणं कठीण, असं म्हणायचा. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला अख्खं गाव लागलं होतं आणि मी फांदी फांदी वर जात होतो.

एवढ्यावर मी थांबलो असतो तरी बरं. पण गणिताची गती. जोडी मोठी का, याची मी एक उपपत्ती काढली. कॅटमध्ये रंग चारच, म्हणून एका रंगाची पानं एकत्र येणं सोपं. आकडे तेरा, म्हणून सारखे आकडे जुळणं कठीण. जे कठीण ते मोठं. हे मी छपरीत बसून मामाजींना समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, मधे मधे मान हलवत होते. ही उपपत्ती साफ चुकीची आहे हे मला पुढे एका रविवारी कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर दिसलं. पण त्या माणसाने तीस वर्षं रोज पानं बघितली होती. जोडी ऊठसूट येते आणि कलर क्वचित, हे त्यांना कागदाशिवाय माहीत होतं. तरी ते मान हलवत राहिले. आजही ते आठवलं की मला कळत नाही, मी लाजावं की संतापावं. संताप आधी येतो.

मग प्रतापनगरचं प्रकरण झालं. तिथे तेव्हा प्लॉट पडत होते, आणि आमच्या कचेरीतल्या एकाने दोन खोल्या बांधल्या होत्या. भिंतींना गिलावाही व्हायचा होता, पण वास्तुशांत उरकून घेतली. दुपारी जेवणं झाली, पाहुणे पांगले, आणि आम्ही कचेरीतले पाच-सहा जण आतल्या खोलीत पत्ते घेऊन बसलो. त्यात आमचे बडे बाबू होते. वयाने आणि हुद्द्याने सगळ्यात मोठे, पानाचा डबा कायम मांडीशी. मी खेळतो म्हटल्यावर त्यांना नवल वाटलं. मी म्हटलं, सासुरवाडीला तीन वर्षांत एकदाही हरलेलो नाही.

दुसऱ्याच डावाला राजाची जोडी आली. बाकीचे पॅक झाले, बडे बाबू उरले. त्यांनी शो मागितला आणि चौकटचा कलर ठेवला, तोही हलका, सत्ता-पंजा-दुर्री. मी जोडी टाकली आणि सवयीने हात पुढे केले. बाबूंनी माझं मनगट धरलं.

"हे काय करून राहिले जी तुम्ही?"

मी म्हटलं, पैसे उचलतोय, जोडी आहे. खोली हसली. त्यांना वाटलं मी गंमत करतोय. मग मी त्यांना माझी उपपत्ती सांगितली, चार रंग आणि तेरा आकडे, आणि हसणं वाढलं. घरमालकाने समजुतीच्या सुरात सांगितलं की कलरच मोठा असतो, लहान पोरालाही माहीत आहे. मी म्हटलं, तुम्हा सगळ्यांना चुकीचं माहीत आहे. तेव्हा बडे बाबूंनी पानाचा डबा बंद केला आणि थंडपणे म्हणाले की न येणाऱ्याला शिकवता येतं, लबाडी करणाऱ्याला शिकवता येत नाही.

लबाड. मला. ज्या माणसाने कचेरीची टाचणी कधी घरी नेली नाही त्याला. मी उभा राहिलो. मी म्हटलं, माझे सासरे या खेळातला शेवटचा शब्द आहेत, पाच गावं त्यांना मानतात, त्यांनी मला शिकवलं आहे. बाबू म्हणाले, चला तर मग, त्यांनाच विचारू. तिथेच ठरलं. येत्या रविवारी दोघांनी जायचं. सासऱ्यांनी जोडी मोठी म्हटलं तर बाबूंनी सोमवारी सगळ्या सेक्शनसमोर उभं राहून माझी माफी मागायची. कलर मोठा म्हटलं तर मी उभं राहून सांगायचं की मी लबाडी केली.

घरी येऊन हे मी बायकोला सांगितलं. तिच्या हातात पोळपाट होता. तो तिने खाली ठेवला. "बाबाले काहून मधात घेता?" एवढंच तिने विचारलं. मला वाटलं, नवऱ्याच्या अब्रूचा प्रश्न आहे आणि हिला माहेरच्या गैरसोयीची काळजी. मी तसं बोललोही. ती म्हणाली, मी पण येते.

रविवारी तिघं एसटीने निघालो. बाबू पुढच्या बाकावर, आम्ही मागे. मनसरच्या वळणावर तिने माझ्या बाहीला हात लावला आणि हळूच म्हणाली की जोडी लहानच असते, आपण रामटेकला उतरून देवदर्शन करू आणि परत फिरू, बाबूंना मी सांगते की मला बरं वाटत नाही. मी तिला काय म्हणालो ते मला अक्षरशः आठवतं, आणि ते लिहिताना माझी मलाच चीड येते. मी म्हणालो, तू बायकांत खेळलेली, बायकांचे नियम वेगळे असतील. तिने हात काढून घेतला आणि खिडकीबाहेर बघत बसली.

आम्ही पोचलो तेव्हा मामाजी छपरीत होते. गावातले दोन म्हातारे त्यांच्याशी बोलत बसले होते, दोघंही जुने खेळाडू. माझा साळा बैलांना पाणी दाखवून आला. पाहुण्यांना पाणी, चहा झाला. बाबूंनी कप खाली ठेवला आणि अगदी अदबीने विचारलं. म्हणाले, तुमचं नाव ऐकून आलो, आमच्यात एक वाद आहे, तुम्ही म्हणाल ते मान्य. तीन पत्तीत जोडी मोठी की कलर? आणि सोमवारी कोणाला उभं राहायचं आहे, तेही त्यांनी सांगून टाकलं.

मामाजींनी आधी माझ्याकडे बघितलं. मग आतल्या दाराकडे बघितलं, तिथे माझी बायको उभी होती. ते दोन म्हातारेही त्यांच्याकडे बघत होते.

"आमच्या घरी जोडीच मोठी," ते म्हणाले.

मी बाबूंकडे वळलो. ते हरल्यासारखे दिसत नव्हते. त्यांनी मामाजींकडे बघून हात जोडले, जरा जास्तच वेळ, आणि म्हणाले, "बराबर आहे." दोघा म्हाताऱ्यांपैकी एकाने टोपी डोक्यावर नीट केली, दुसऱ्याने चपला शोधल्या, आणि काम आठवल्याचं सांगून दोघंही उठून गेले. साळा तर आधीच उठून गोठ्यात गेला होता.

मी जिंकलो होतो. म्हणून मी साळ्याच्या मागे गोठ्यात गेलो, त्याच्या पाठीवर थाप मारायला. त्याने माझा हात झटकला. पहिल्यांदाच. जावयाचा हात झटकणं ही त्या घरात होणारी गोष्ट नव्हती.

"तीस वर्षं लोक बाबाच्या शब्दावर डाव उचलून राहिले," तो म्हणाला. "आज त्या दोघायसमोर ते खोटं बोलले. तुमच्यापायी."

मग त्याने सगळं सांगितलं. पहिल्या पोळ्याला माझी चूक झाली तेव्हा जावयाची चूक तोंडावर कशी दाखवायची म्हणून मामाजी गप्प बसले. एकदा गप्प बसले म्हणून पुढे सगळ्यांना तसंच खेळावं लागलं. चांगली पानं टाकून द्यावी लागली. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावं लागलं. या घरात सगळ्यात चांगलं कोण खेळतं माहीत आहे का, त्याने विचारलं. तुमची बायको. तुमच्यासमोर ती पत्त्याला हात लावत नाही, कारण तिला हरता येत नाही.

माझं काय झालं ते मी सांगतो. मला दुःख झालं नाही, लाज वाटली नाही, ते सगळं नंतर. मला भयंकर राग आला. तीन वर्षं या माणसांनी मला वेड्यात काढलं. माझ्या उपपत्तीला माना डोलवल्या. माझ्या रुमालात नाणी बांधून मला एसटीत बसवलं आणि माझ्या पाठीमागे हसले असतील की नाही, देव जाणे. जावई म्हणजे दशमग्रह असं म्हणतात. ग्रहाला नैवेद्य दाखवतात, त्याच्याशी खेळत नाहीत. मला नैवेद्य नको होता. मला एक खरा डाव हवा होता, जसा कोणाही माणसाशी खेळतात तसा. मी ताडताड छपरीत आलो. बाबू विहिरीवर हातपाय धुवायला गेले होते. मी मामाजींना म्हणालो की तुम्ही मला मूर्ख बनवलंत, असल्या मानापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, तसंच, जसं उपपत्तीच्या वेळी ऐकलं होतं. मग म्हणाले, "जवाईबापू, सकाळी डावात तुमाले हरवाचं अन् संध्याकाळी पोरीले तुमच्यासंगं बसमधी बसवाचं, हे मले जमलं नसतं."

मी ओरडलोच. मी तसला माणूस नाही, असं ओरडलो. पाच-दहा पैशांसाठी बायकोवर राग काढणारा मी दिसतो का? शिकलेला माणूस आहे मी. बायको दारात होती, ती पिशवी आणायला आत गेली. बाबू ओले हात पुसत आले आणि बसची वेळ झाली म्हणाले.

सोमवारी सेक्शनमध्ये बडे बाबू खरंच उभे राहिले. सगळ्यांनी कामं थांबवली. ते म्हणाले की मी यांना लबाड म्हटलं, ती माझी चूक होती, यांच्या सासऱ्यांच्या तोंडून मी ऐकून आलो आहे की जोडी मोठी. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. पण बाकीचे फुटले. टेबलावर डोकी टेकून हसले. तेव्हाच मी उभं राहून खरं सांगायला हवं होतं. मी स्वतःला समजावलं की खरं सांगितलं तर सासरे खोटे ठरतात, त्यांच्या अब्रूसाठी मी गप्प आहे. उत्तम कारण होतं. ते पुढे करून मी माफी खिशात घातली आणि फायलीत मान खुपसली. त्या कचेरीत पुढची सगळी वर्षं मला जवाईबापू म्हणत.

त्या वर्षी पोळ्याला मी गेलो नाही, बायको एकटी गेली. परत आल्यावर मी विचारलं तेव्हा तिने सांगितलं. पाटलाच्या वाड्यात मोठा डाव पडला, भांडण झालं, कोणी तरी म्हणालं की मामाजींना बोलवा. तर त्या दोन म्हाताऱ्यांपैकी एक जण म्हणाला, आधी बघा, त्यांचा जावई डावात आहे का. लोक हसले आणि दुसऱ्याच कोणाला तरी बोलावलं. मामाजी तेव्हा घरीच होते. ही गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली, खेड्यात पोचतेच. पुढे ते पोळ्याला पत्ते खेळायला बसले नाहीत.

मी तिला विचारलं, निदान तू तरी मला का नाही सांगितलंस? "सांगतलं होतं," ती म्हणाली. "मनसरले. तुम्ही म्हनलं, हे बायकायचे नियम."

मग मी दुकानात जाऊन एक नवा कॅट घेऊन आलो. रविवारची दुपार होती. चटईवर बसलो आणि तिला समोर बसवलं. म्हटलं, आज खरं खेळायचं. कलर मोठा, जोडी लहान, आणि एकही पान तू मुद्दाम टाकायचं नाहीस. नवरा-बायकोत असली लबाडी मला चालणार नाही. ती नको नको म्हणत होती. मी शपथ घातली. पैशांऐवजी आम्ही शेंगदाणे घेतले.

तिने पत्ते पिसले आणि मी बघतच राहिलो. तिच्या हातात ती पानं पाण्यासारखी वाहत होती. पहिला डाव तिने घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्या डावाला मी चांगली पानं असून टाकून दिली, कारण तिने ब्लाइंड वाढवत वाढवत मला घाबरवलं. मी पॅक झाल्यावर तिने आपली पानं उलटी करून बघितली. त्यांत काहीच नव्हतं, नव्वा, छक्की आणि दुर्री, आणि ती मोठ्याने हसली. लग्नाला चार वर्षं होत आली होती. इतकं मोकळं हसताना मी तिला पहिल्यांदाच बघितलं. चेहरा उजळला होता, पदर खांद्यावरून सरकला होता, आणि ती पुढचा डाव वाटायला अधीर झाली होती. सहाव्या की सातव्या डावानंतर माझ्यापुढे एकही शेंगदाणा उरला नाही.

मी पत्ते खाली ठेवले. ठेवले म्हणतो, पण ते फेकलेच असणार, कारण दोन-तीन पानं पलंगाखाली गेली. मी म्हटलं की हा रिकामटेकड्यांचा खेळ आहे, आणि चहा अजून का झाला नाही. चहा आला तो मी घेतला नाही. रात्री भाजीत मीठ जास्त आहे म्हणून ताट सरकवलं. मीठ बरोबर होतं. दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. पलंगाखालची पानं तिने वाकून गोळा केली, मोजून बावन्न केली आणि कॅट फळीवर ठेवून दिला.

पुढच्या रविवारी तो तिनेच काढला. खेळायचं का म्हणाली. मी तोऱ्यात बसलो. दोन डाव तिने घेतले, मग एक माझा, मग आणखी एक माझा. शेवटच्या डावाला सगळे शेंगदाणे मधे होते. माझ्याकडे दश्शीची साधी जोडी होती. मी चाल वाढवली. तिने आपली पानं जराशी उचलून बघितली, माझ्याकडे बघितलं आणि ती पानं उलटीच कॅटमध्ये सरकवली. पॅक, म्हणाली.

मी तिला पानं दाखव म्हणालो नाही. शेंगदाणे ओढून घेतले आणि तिला म्हटलं, चहा टाक.